एमजी मिजेटचं मागचं हब किट: सील नवं, तरी तेल का गळतं?

एमजी मिजेट या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या (१९६१ ते १९७९) मागच्या चाकाच्या आत काळा ओघळ दिसला की लोक थेट हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) किट मागवतात. साध्या किटमध्ये बॉल बेअरिंग, ऑइल सील, कागदी गॅस्केट (सांध्यातली पातळ चकती) आणि ओ-रिंग (रबरी कडं) असतात. एका चाकाला एक संच. किटमध्ये नटाचा लॉक वॉशर (कान वाकवून नट अडवणारी चकती) आहे का ते आधी पाहा. नसेल तर वेगळा घ्या, कारण वाकवून सरळ केलेले जुने कान पुन्हा वाकवताना तुटतात.

पैसे मोजण्याआधी गळणारं तेल ओळखा. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. पातळ आणि रंग सोलणारा द्रव असेल तर तो ब्रेक ऑइल. मग दोष व्हील सिलिंडरचा आणि या किटचा काही उपयोग नाही. तेल बॅकप्लेटवर (ब्रेकमागची पत्र्याची चकती), ब्रेक शूच्या बाजूला असेल तर सील गेलंय. ड्रमच्या तोंडावर असेल तर गॅस्केट किंवा ओ-रिंग.

किटमधलं सील आणि ओ-रिंग सहसा ठीक असतात. खरी गोम कागदी गॅस्केटच्या जाडीत आहे. मिजेटमध्ये बेअरिंगची बाहेरची रिंग हबच्या खांद्यावर टेकते आणि दुसऱ्या बाजूने तिला हाफ शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) फ्लँज, म्हणजे टोकाची चपटी कड, दाबून धरतो. त्यासाठी ती रिंग (स्पेसर असेल तर स्पेसर) गॅस्केटच्या वर ०.००१ ते ०.००४ इंच, म्हणजे साधारण ०.०२५ ते ०.१ मिमी, उठून राहायला हवी. गॅस्केट जाड निघालं की रिंगवर दाबच येत नाही. ती हबमध्ये हळूहळू फिरते, घर झिजवते, हब डुलायला लागतं आणि नव्या सीलची लिप (तेल अडवणारी रबरी कड) महिन्या-दोन महिन्यांत मार खाते. दोष मात्र सीलच्या माथी! रिंग जास्त उठली तर फ्लँज बसत नाही आणि सांध्यातून तेल येतं.

मोजायला पाच मिनिटं लागतात. बेअरिंग पूर्ण दाबून बसवा (दाब बाहेरच्या रिंगवरच), गॅस्केट ठेवा, बेअरिंगवर सरळ पट्टी आडवी धरा आणि पट्टी व गॅस्केटमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. कमी भरलं तर पातळ गॅस्केट, जास्त भरलं तर जाड. बेअरिंग हबमध्ये बोटाने सरकत असेल तर कुठलंही किट कामाचं नाही, हबच बदला. रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग चिकटवून धरणारा द्रव) ही तात्पुरती मलमपट्टी.

हब काढताना डाव्या चाकाचा अष्टकोनी नट डाव्या आट्यांचा आहे हे विसरू नका. तो १ ७/८ इंचाचा, त्यामुळे साधा पाना चालत नाही. छिन्नीने ठोकून काढू नका. नटाचे कोपरे जातात. सील बसवताना स्प्रिंगची बाजू बेअरिंगकडे. उलट बसवलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं. ॲक्सल केसिंगवर सील घासतं तिथे नखाला लागणारी खाच असेल तर नवं सीलही टिकणार नाही, आधी त्या जागेवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवा.

बंद, २आरएस प्रकारचं (दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं) बेअरिंग घेण्याचा मोह होतो. आत ग्रीस भरलेलं असतं आणि तेलाला तो एक जास्तीचा अडथळा, पण गॅस्केटच्या मापाला ते पर्याय नाही.

ॲक्सलचा ब्रीदर (हवा जायचं छोटं भोक) कोंदला असेल तर गरम ॲक्सलमधला दाब सीलवरच जातो, म्हणून तो तारेने साफ करा. क्राऊनमध्ये (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या घरात) १ ३/४ इंपीरियल पाइंट, सुमारे एक लिटर तेल लागतं. गाडी समतल ठेवून फिलरच्या भोकापर्यंतच भरा. जास्तीचं तेल हबकडेच वाहतं.

किट घ्याच, पण फीलर गेज नसेल तर आधी तो घ्या. तेल प्यायलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका. लायनिंगमध्ये मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं. शू दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक एका बाजूला खेचेल.