अमेरिकेतील रीजनल एअरलाइन: पहिली नोकरी मालकीच्या कंपनीत की कंत्राटी कंपनीत?

अमेरिकेत वाढलेली किंवा तिथे काम करण्याचा हक्क मिळालेली मराठी घरांतील जी मुले वैमानिक होत आहेत, त्यांच्यासमोर उड्डाणाचे तास पूर्ण होत आले की बहुधा एकच प्रश्न उभा राहतो. एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट, एन्डेव्हर, स्कायवेस्ट आणि रिपब्लिक यांपैकी कोणत्या रीजनल, म्हणजे मोठ्या विमान कंपन्यांसाठी लहान विमाने उडवणाऱ्या, कंपनीत पहिले पाऊल टाकावे? घरातले सगळे प्रथम ताशी वेतनाचा आकडा पाहतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु माझ्या मते या सगळ्या तुलनेत तोच आकडा सर्वांत कमी टिकाऊ आहे, आणि तो तसा का आहे हे समजल्याशिवाय निवड करू नये.

या कंपन्या आपली तिकिटे फारशी स्वतः विकत नाहीत. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या मोठ्या कंपन्या त्यांच्याकडून ठरलेल्या दराने उड्डाणे विकत घेतात, आणि विमानावर ‘अमेरिकन ईगल’, ‘डेल्टा कनेक्शन’ किंवा ‘युनायटेड एक्स्प्रेस’ अशी नावे असतात. तिकिटाचा भाव मोठी कंपनी ठरवते आणि इंधनाचा भारही बहुतेक करारांत तिच्यावरच असतो. त्यामुळे रीजनल कंपनीला दुसऱ्या रीजनल कंपनीपेक्षा स्वस्त दर द्यायचा असेल, तर कमी करण्याजोगा मोठा खर्च एकच उरतो, तो म्हणजे माणसांचा. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँट या अमेरिकनच्या समूहाच्या मालकीच्या आहेत, तर एन्डेव्हर डेल्टाच्या. स्कायवेस्ट आणि रिपब्लिक स्वतंत्र असून एकाच वेळी अनेक मोठ्या कंपन्यांसाठी कंत्राटावर उडतात.

वेतन किती बदलले ते आधी पाहू. २०१० च्या आसपास नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, ताशी सुमारे २५ डॉलर मिळत. विमान स्टँडवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचाच वेळ मोजला जातो आणि महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते. म्हणजे वर्षाला जेमतेम साडेबावीस हजार डॉलर. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा चौकशीत हे तुटपुंजे वेतन आणि वैमानिकांचा थकवा देशासमोर आला. पुढे २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. विमानचालनाची मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांना ती १,००० तासांची आहे. करोनानंतर मोठ्या कंपन्यांनी झपाट्याने भरती सुरू केली आणि रीजनल कंपन्या रिकाम्या होऊ लागल्या. जून २०२२ मध्ये पीडमाँट आणि एन्व्हॉय यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरसाठी ताशी ९० आणि कॅप्टनसाठी १४६ डॉलर जाहीर केले. ऑगस्टमध्ये मेसा या आणखी एका स्वतंत्र रीजनल कंपनीने १०० आणि १५० चे आकडे दिले आणि स्कायवेस्टलाही मागे राहता आले नाही. मात्र अमेरिकनच्या कंपन्यांच्या वाढीतील मोठा भाग जाहीर होतानाच तात्पुरता, ऑगस्ट २०२४ पर्यंतचा होता.

उलट दिशेचा इतिहासही लक्षात ठेवायला हवा. २०१३ मध्ये पीएसएच्या वैमानिकांनी कमी खर्चाचा करार स्वीकारला आणि नवी ७६ आसनी विमाने त्यांच्याकडे आली. २०१४ मध्ये एन्व्हॉयच्या वैमानिकांनी सवलती नाकारल्या, तेव्हा विमाने इतरत्र वळवण्याची भूमिका व्यवस्थापनाने घेतली. त्या वेळी या दोन्ही कंपन्या एकाच समूहाच्या घरात होत्या. म्हणजे मालकीच्या कंपनीत स्पर्धा नसते असा समज करून घेऊ नये. तिथे ती भावंडांमध्ये असते. डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरची गोष्ट तर अधिक कठोर आहे. २००१ मध्ये ८९ दिवसांचा संप करून तिच्या वैमानिकांनी चांगला करार मिळवला, पण २०१२ च्या सप्टेंबरात ती कंपनीच बंद झाली. यामागील गणित सरळ आहे: वेतन सेवाज्येष्ठतेनुसार दरवर्षी वाढते, त्यामुळे जिथे वैमानिक वर्षानुवर्षे टिकतात ती कंपनी महाग होत जाते आणि काम तरुण वैमानिकांच्या कंपनीकडे सरकते. आणि कंपनी बंद झाली की ज्येष्ठतेचा क्रमांक सोबत नेता येत नाही. नव्या कंपनीत यादीच्या शेवटून सुरुवात करावी लागते. अलीकडे काही कंपन्या वेतनश्रेणीपुरती आधीची वर्षे धरतात, क्रमांक मात्र नवाच असतो.

या पार्श्वभूमीवर अमेरिकनच्या तीन कंपन्यांचे खरे आकर्षण वेतनात नाही, ‘फ्लो’मध्ये आहे. ज्येष्ठतेनुसार पाळी आली की वैमानिक अमेरिकनमध्ये जातो, त्यासाठी त्याला पुन्हा खुल्या स्पर्धेत उतरावे लागत नाही. पण पाळीचा वेग अमेरिकनच्या भरतीवर ठरतो आणि २०२० सारख्या वर्षी ही रांग थांबते. भरती अधिकारी सांगतात ती वर्षे कराराची हमी नसून त्या क्षणाचा अंदाज असतो, हे कुटुंबाने नीट समजून घ्यावे.

स्वतंत्र कंपन्यांत स्कायवेस्ट अमेरिकन, डेल्टा, युनायटेड आणि अलास्का अशा चौघांसाठी उडते. एका ग्राहकाने हात आखडला तरी दुसरा असतो, ही तिची मोठी ताकद आहे. मात्र तिथे वेतनाची बोलणी बाहेरची कामगार संघटना करत नाही, कंपनीअंतर्गत वैमानिक मंडळ करते; रिपब्लिकमध्ये टीमस्टर्स ही संघटना आहे, तर अमेरिकन आणि डेल्टाच्या वर सांगितलेल्या कंपन्यांत ‘आल्पा’ ही वैमानिकांची संघटना. मेसाचे उदाहरण सावध करणारे आहे. वाढलेले वेतन अमेरिकनच्या दरात भरून निघत नसल्याने तिने ते काम सोडले, २०२३ मध्ये सगळी भिस्त युनायटेडवर ठेवली आणि २०२५ मध्ये ती आणि रिपब्लिक एकत्र आल्या.

विमान किती आसनांचे आहे हेही पाहावे, कारण वेतनवाढीने लहान विमानाचे गणित बिघडवले आहे. वरच्या ९० आणि १४६ डॉलरची बेरीज २३६ होते. ५० आसनांवर वाटली तर ताशी दर आसनामागे ४ डॉलर ७२ सेंट, आणि ७६ आसनांवर सुमारे ३ डॉलर १० सेंट. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांशी झालेल्या करारांमुळे रीजनलला ७६ च्या वर जाता येत नाही. त्यामुळे फक्त ५० आसनी एम्ब्रेयर १४५ उडवणाऱ्या पीडमाँटचे दूरचे भवितव्य मला एन्व्हॉय किंवा पीएसएपेक्षा अधिक अनिश्चित वाटते. मात्र ज्याला फ्लोची पाळी लवकर येण्याची वाजवी शक्यता दिसते, त्याने एवढ्यावरून ती नाकारू नये.

अमेरिकनच हवी आणि थांबण्याची तयारी आहे, तर एन्व्हॉय किंवा पीएसए घ्यावी. कोणत्या मोठ्या कंपनीत जायचे हे अजून ठरलेले नसेल, तर मी स्कायवेस्ट किंवा रिपब्लिककडे झुकेन, विशेषतः त्यांचा बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ, घराजवळ असेल तर. दुसऱ्या शहरातून कामावर जाणाऱ्या वैमानिकाचे रिझर्व्हमधले, म्हणजे बोलावणे येईल तेव्हा उडण्यासाठी तयार राहण्याचे, महिने भाड्याच्या खोलीत जातात, आणि ताशी पाच डॉलर जास्त मिळाल्याने ते भरून येत नाही. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनमधील किमान १,००० तास कायद्यानेच लागतात, तेव्हा रिझर्व्हवर असताना महिन्याला प्रत्यक्ष किती तास उड्डाण मिळते, हे तिथे काम करणाऱ्या फर्स्ट ऑफिसरलाच विचारावे. आणि सही करण्यापूर्वी, नोकरी स्वीकारताना बोनस मिळत असेल तर त्याच्या कागदातील परतफेडीचे कलम वाचावे: किती महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करायची, आणि कंपनीने स्वतःच बेस बंद केला तर ती अट लागू राहते की नाही.