बासचे लुअर आणि दोरी: काही महिने वापरल्यावर पेटीत काय उरलं

थोडक्यात मत आधीच सांगून टाकतो. बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायला पेटीभर लुअर, म्हणजे कृत्रिम आमिषं, लागत नाहीत. चार-पाच प्रकार पुरतात. पण प्रत्येक लुअर कुठल्या खोलीवर चालतो आणि त्याला कुठली दोरी हवी, हे पक्कं ठाऊक असावं लागतं. दुकानात सगळी चर्चा रंगांची चालते. पाण्यावर गेल्यावर रंग हा शेवटून दुसरा प्रश्न ठरतो.

हा अनुभव मुख्यतः लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाच्या बासचा आहे: गवत, लव्हाळी आणि बुडालेली लाकडं असलेलं उथळ पाणी. खडकाळ काठाच्या, स्वच्छ पाण्याच्या जलाशयात स्मॉलमाउथ ही बासची दुसरी जातही गरवली, पण त्याबद्दल ठाम बोलण्याइतका नाही.

रॉड दोन ठेवले. एक सात फुटी, मीडियम हेवी पॉवर (बऱ्यापैकी कडक), फास्ट ॲक्शन (टोकाकडेच वाकणारा). त्यावर ७:१ च्या आसपास गिअरचं (मुठीच्या एका फेऱ्याला स्पूलचे, म्हणजे दोरीच्या चक्रीचे, सात फेरे) बेटकास्टर रीळ, ज्यात फेकताना स्पूल स्वतः फिरतो. दुसरा थोडा आखूड, मीडियम, त्यावर २५०० साइजचं स्पिनिंग रीळ, ज्यात फेकताना स्पूल स्थिर राहतो. साधारण ७ ग्रॅमच्या खालचं सगळं स्पिनिंगवर आणि वरचं बेटकास्टरवर, ही वाटणी शेवटपर्यंत बदलावी लागली नाही. हलका लुअर बेटकास्टरवर टाकायला गेलात की स्पूल लुअरपेक्षा जोरात फिरतो आणि दोरीचं घरटं होतं. लुअर बदलला की स्पूलचा ताण नव्याने लावायचा: रॉड आडवा धरून लुअर सोडला की तो सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. समोरून वारा असेल तर ब्रेक आणखी वाढवायचा. एवढं केलं की बाकीचं काम अंगठ्याचं.

आता दोरी. माझ्या मते खरा फरक इथे पडतो, आणि नेमकं इथेच लोक मिळेल ते गुंडाळतात.

साधा नायलॉन तंगूस पाण्यापेक्षा किंचित जड असतो, म्हणजे बुडतो पण फार हळू. फ्लुरोकार्बनची घनता पाण्याच्या १.७८ पट, तो सरळ खाली जातो. वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड, पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगते. हे तीन फरक डोक्यात असले की बरंच कोडं सुटतं. पाण्यावर फुटफुट करणारा पॉपर फ्लुरोकार्बनवर बांधला तर दोरी त्याचं नाक खाली ओढते आणि आवाजच नीट होत नाही. उलट तळाशी ओढायच्या जिगला (वजनदार डोक्याचा, झालर लावलेला गळ) फ्लुरोकार्बन हवाच, कारण दोरी लुअरबरोबर खाली जाते, मध्ये झोळ पडत नाही आणि माशाची टिचकी थेट हाताला कळते. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, म्हणजे तो नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळ आहे, अदृश्य नाही. तो ताणत नाही, हाही गैरसमज. ताणतो, आणि चांगला ताणतो. न ताणणारी ती ब्रेड.

स्पिनिंग रिळावर मी निव्वळ फ्लुरोकार्बन काढूनच टाकला. त्याची वेटोळी रिळाचा आकार धरून बसतात आणि प्रत्येक फेकीला सुटून उड्या मारतात. आता तिथे पातळ ब्रेड आहे आणि पुढे हातभर फ्लुरोकार्बनचा लीडर, डबल युनि गाठीने जोडलेला. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर तशीच गुंडाळली तर मासा ओढताना अख्खी गुंडाळी घसरते, म्हणून खाली थोडा नायलॉन तंगूस द्यायचा. जाडीचाही फायदा आहे: ३० पाउंडांचा ताण पेलणारी ब्रेड साधारण ८ पाउंडांच्या नायलॉनएवढीच जाड असते. लुअरला गाठ मारायला पालोमार. घट्ट करण्याआधी गाठ ओली करायला विसरू नका. कोरडी ओढली की घर्षणाने फ्लुरोकार्बन तापून कमकुवत होतो आणि नेमका मोठ्या माशाला तुटतो.

लुअरमध्ये पहिला नंबर कुठल्याही हिशेबाने रबरी गांडुळाचा. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं, आणि आजही पेटीतली ही सगळ्यात कंटाळवाण्या चेहऱ्याची वस्तू सगळ्यात जास्त मासे देते. मी वापरतो ते पाच इंची, सरळसोट, आत मीठ भरलेलं. मिठामुळे ते जड होतं, आणि शिसं न लावताही खाली जाताना दोन्ही टोकं थरथरवत जातं. मधोमध गळ टोचला की झाला वॅकी रिग. फेकायचं आणि दोरीकडे बघत बसायचं, दुसरं काही करायचं नाही. बास बहुतेक वेळा ते पडतानाच घेतो. हाताला काही लागत नाही. दोरी मध्येच थांबते, नाहीतर बाजूला चालायला लागते. हे बघायची सवय लागायला वेळ जातो, आणि खेचाखेचीची हौस असलेल्यांना हा प्रकार आवडणार नाही. गांडूळ फाटण्याचं प्रमाण भयंकर आहे, म्हणून मध्ये रबरी रिंग चढवून गळ त्या रिंगखालून घालायचा. एकेक गांडूळ बरंच जास्त टिकतं.

गवत दाट असेल तर टेक्सस रिग. पुढे गोळीच्या आकाराचं वजन, मग ३/० चा रुंद पोटाचा ऑफसेट गळ, आणि गळाचं टोक परत रबरात दडवलेलं. गांडूळ गळावर अगदी सरळ बसायला हवं. जरा वाकडं बसलं की पाण्यात गरगरतं आणि दोरीला पीळ पडतो. वजन शिशाचं की टंगस्टनचं? टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅमात गोळी लहान होते, गवतातून सहज सरकते, आणि कडक असल्याने तळाला खडी आहे की चिखल ते रॉडच्या मुठीत कळतं. तळ वाचायचा असेल तर टंगस्टन घ्या. पण लाकडं इतकी दाट असतील की वजनं गमवायचीच आहेत, तिथे महागाचं टंगस्टन कशाला, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या खिशाला विचारावा. विकत घेताना भोकाची कड मात्र नखाने तपासा. खरखरीत असेल तर दोरी कापते.

क्रँकबेटबद्दल (माशाच्या आकाराचा कडक लुअर, ओढला की पुढच्या ओठामुळे खाली जातो) माझं मत महिन्यागणिक सुधारत गेलं. चौकोनी ओठाचा, मीटर-दीड मीटर खाली जाणारा क्रँकबेट लाकडांना धडकवत आणायचा. लाकडाला आपटून तो बाजूला उडतो, तेव्हा क्षणभर थांबलात की तो वर तरंगायला लागतो, आणि माशाची धडक बहुतेक तेव्हाच बसते. मोकळ्या पाण्यातून नुसता ओढत आणला तर निम्मी मजा गेली. लुअर सरळ न येता डावीकडे पळत असेल तर नाकातली तारेची कडी पकडीने केसभर उजवीकडे वाकवा. केसभरच. दोरी जितकी पातळ तितका तो खोल जातो, हेही लक्षात ठेवा. एक तक्रार आहे: फास्ट ॲक्शनच्या कडक रॉडवर तिकोनी (तीन टोकांचे) गळ माशाच्या तोंडातून निसटतात. मधून वाकणारा मॉडरेट रॉड असता तर त्यातले बरेच हाती लागले असते. पुढची खरेदी तीच.

स्पिनरबेट (तारेवर फिरती धातूची पाती असलेला लुअर) गढूळ पाण्यासाठी आणि वाऱ्याच्या दिवसासाठी. गोल कोलोरॅडो पातं जास्त थरथरतं, गढुळात माशाला ते अंगावरच्या पार्श्वरेषेने जाणवतं. लांबट विलो पातं चमकतं जास्त, थरथरतं कमी. ते स्वच्छ पाण्यात. जिगचा झालर-झुपका कात्रीने थोडा छाटला तर पडताना जास्त नैसर्गिक दिसतो, आणि गळापुढचा केसाळ गार्ड फार कडक असेल तर त्यातलेही काही केस काढा.

पोकळ रबरी बेडूक हा सगळ्यांत मजेचा आणि सगळ्यांत संताप आणणारा लुअर. कमळपानांवरून ओढत आणला की खालून स्फोट होतो, आणि हात आपोआप झटकला जातो. मासा तोंड मिटायच्या आत बेडूक हवेत. दोरीला वजन जाणवेपर्यंत थांबायचं. इथे ५० पाउंडांची ब्रेड लागते, कारण मासा गवतासकट ओढून काढावा लागतो. पोटात शिरलेलं पाणी अधूनमधून पिळून काढा, नाहीतर बेडूक बुडायला लागतो.

रंग: बासच्या डोळ्यांत लाल आणि हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी असतात, आणि पिवळट-हिरवा शार्ट्रूज नि पांढरा यांत त्याला फारसा फरक करता येत नाही, असं प्रयोगांत दिसलंय. मी तीन रंगांवर आलोय: गढुळात काळा-निळा, स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, आणि स्पिनरबेटला पांढरा. बाकीचे वाटून टाकले.

शेवटचा प्रश्न गळांचा. बऱ्याच लुअरवर कारखान्यातून आलेले तिकोनी गळ नखावर घासले तर घसरतात. रुतला तर धारदार, नाहीतर बदला. पण पाण्यात स्थिर राहणाऱ्या जर्कबेटला (झटके देत ओढायचा लांबट लुअर) गळ बदलताना वजन तेवढंच ठेवा, जड बसवले तर तो तरंगत थांबायचं सोडून बुडायला लागतो. उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले, सोडायचा मासा पटकन सुटतो. बासचे दात सँडपेपरसारखे असतात, त्यामुळे खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मोठ्या माशाच्या पोटाला मात्र दुसऱ्या हाताचा आधार द्या, नुसत्या जबड्यावर आडवा टांगू नका. पाणी १५ ते २० अंशांच्या दरम्यान असताना उथळात घरटं राखत बसलेला नर दिसला तर त्याला सोडून पुढे जा, त्याला उचललं की इतर मासे अंड्यांवर लगेच तुटून पडतात.

साठवणीबद्दल एकच सूचना. टीपीई (थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर) रबराचे, प्रचंड ताणले जाणारे लुअर साध्या मऊ प्लास्टिकच्या गांडुळांबरोबर एका कप्प्यात ठेवू नका. दोन्ही वितळून चिकट गोळा होतो. ते त्यांच्या मूळ पाकिटातच राहू द्या.