अंध मुलासाठी चेंडू: पिशवीतला की घुंगरांचा?

शिबिरात अंध मूल असेल तर नेहमीच्या फुटबॉललाच पातळ, कुरकुरणाऱ्या प्लास्टिक पिशवीत सैलसर बांधा. जाड पिशवी वाजत नाही. मुरमाच्या मैदानावर पातळ पिशवी लवकर फाटते, म्हणून तीन-चार जादा ठेवा. पण लहानग्यांच्या हाती सुट्या देऊ नका.

आत घुंगरू असलेला चेंडू टिकतो, आवाजही स्पष्ट येतो. गोलबॉल या अंधांच्या खेळातला मात्र आणू नका. तो १.२५ किलोचा, गुळगुळीत फरशीवर हाताने घरंगळवायचा. लाथ मारली तर पायच दुखावेल.

खोड दोघांचीही एकच: थांबला की मुका. मग जवळच्या गड्याने चेंडूपाशी टाळी वाजवावी, बाकीच्यांनी गप्प राहावं (हेच सगळ्यांत अवघड). पहिल्या आठवड्याला पिशवी पुरे. खेळ रुळला की घुंगरांचा घ्या.