फोटोपत्रकारितेच्या कोर्ससाठी कॅनन १५००डी: चालेल, पण...

२४.१ मेगापिक्सेल बातमीच्या फोटोला पुरून उरतात. अडतं ते फोकसपाशी. नऊ फोकस-बिंदूंपैकी फक्त मधला क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा. मिरवणुकीत बिंदूची निवड ऑटोवर ठेवलीत की चेहऱ्याऐवजी पुढचा झेंडा शार्प येतो. म्हणून मधलाच बिंदू निवडा, एआय सर्व्हो (हलत्या माणसावर सतत फोकस धरणारा मोड) लावा, शटर किमान १/२५० सेकंद. सेकंदाला तीनच फ्रेम मिळतात, तेव्हा नुसतं बटण दाबून धरण्यात अर्थ नाही, क्षण हेरावाच लागतो (शिकणाऱ्याला हे बरंच!).

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) ५५ एमएमवर एफ/५.६ एवढीच उघडते, उजेड कमी घेते, त्यामुळे सभागृहात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० करूनही फोटो हलतात. ५० एमएम एफ/१.८ घ्याच, जवळपास दहापट उजेड मिळतो. बाहेरच्या माइकला जागाच नाही, त्यामुळे व्हिडिओ-मुलाखतींचा पेपर असेल तर दुसरा कॅमेरा बघा.