'समनतोरुल' की 'व्यात्सा रोमनेआस्क': आधी कोणतं उघडावं?

रोमानियन अडखळत का होईना वाचता येऊ लागलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीची तिथली नियतकालिकं खुणावतात, आणि गाडी या दोघांपाशी अडते. ('कोन्वोर्बिरी लितेरारे' यांच्याही आधीचं, आपल्या 'विविधज्ञानविस्तारा'च्याच साली, १८६७ला निघालेलं. ते तूर्त राहू द्या.)

'समनतोरुल' म्हणजे पेरणारा. १९०१च्या डिसेंबरात व्लाहुत्सा आणि कोश्बुक या कवींनी बुखारेस्टला काढलेलं साप्ताहिक. त्याला धार आली ती पुढे इतिहासकार निकोलाए योर्गांमुळे. फ्रेंच वळणाच्या उच्चभ्रूंवर ते तापले की वाचायला मजा येते, हे मान्यच. मजकूर आटोपशीर, शिकणाऱ्याला सोयीचा. गाव मात्र जरा जास्तच धुतल्या तांदळासारखं.

तरी तेवढ्यावरून मी ते सोडलं नसतं. माझं घोडं अडलं 'क्रमशः'वर. एका ग्रंथालयाच्या स्कॅनमध्ये कथा रंगात आली, पानाखाली 'वा उर्मा', म्हणजे पुढे चालू, आणि पुढचा अंकच गायब! दुसरीकडे शोधावं, तर नाव कुठे 'समनतोरुल', कुठे 'सेमनतोरुल'. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी नाद सोडला. तुमचं नशीब बरं असेलही.

'व्यात्सा रोमनेआस्क' १९०६च्या मार्चमध्ये याश शहरातून निघालं. जाडजूड मासिक, कथा बहुधा एका बैठकीत संपते. कथाकार सादोव्यानु दोन्हीकडे लिहीत, त्यामुळे त्यांना मुकण्याची भीती नाही. शेतकरी इथेही केंद्रस्थानी, पण जमीन आणि मताधिकाराच्या प्रश्नांसकट. संस्थापकांपैकी कॉन्स्तान्तिन स्तेरे सायबेरियात हद्दपारी भोगून आलेले. १९०७चा शेतकरी उठाव सैन्य घालून चिरडला गेला, त्याच वर्षी सरकारनं त्यांना याशचं प्रिफेक्ट, आपल्याकडच्या कलेक्टरसारखं, नेमलं. हे डोक्यात ठेवून त्या वर्षीचे अंक वाचले की साधी वाक्यंही टोचतात.

मी अंक मागून उघडतो. तिथल्या 'मिसेलानिया' सदरात 'पी. निकानोर आणि कंपनी' अशा दुकानी सहीनं संपादक मंडळी इतरांच्या टोप्या उडवतात. मला रोमानियन तिरकसपणा कळला तो तिथेच.

स्तेरेंची समाजवादावरची लांबलचक लेखमाला मात्र जड आहे, आणि तीही क्रमशः. पण अंक सलग मिळाले. मी अजून अर्ध्यावर आहे.