इंदुरातील नाट्यसभासदत्व : दर रास्त, सवलत अपुरी

पुण्या-मुंबईचे नाटक इंदुरात आणायचे म्हणजे नटमंडळींबरोबर नेपथ्याचा ट्रकही सुमारे ६०० किलोमीटर आणावा लागतो, आणि हा खर्च केवळ सुट्या तिकिटांवर भागणे कठीण असते. त्यामुळे येथील एका मराठी नाट्यसंस्थेचे वार्षिक सभासदत्व मला रास्त वाटते: पैसे आगाऊ भरावे लागतात खरे, परंतु दर प्रयोगामागे खर्च बराच कमी पडतो आणि संस्थेलाही नाटक ठरवताना धाकधूक राहत नाही.

तक्रार आहे ती सवलतीविषयी. विद्यार्थ्यांना ती मिळते, पण बाल्कनीच्या शेवटच्या रांगांत, जिथे पंख्यांच्या घरघरीत स्वगत अर्धेच ऐकू येते. ज्येष्ठांना तर काहीच नाही. न आलेल्या सभासदांच्या खुर्च्या पुढे रिकाम्या दिसत असतात आणि तिसरी घंटा झाल्यावरही दारात ताटकळणाऱ्या मुलांना त्या नाममात्र दरात देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटावर जीएसटी नसला, तरी ऑनलाइन नोंदणीत सेवाशुल्क जोडले जातेच, आणि ते वाचवू पाहणाऱ्यांसाठी तिकीटखिडकी प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळीच उघडते.