तेरा आठवड्यांचा गोल (ध्येय) प्लॅनर: कुठली पानं कामाची, कुठली नुसती छापलेली

तारखा न छापलेला, तेरा आठवडे पुरणारा गोल प्लॅनर, म्हणजे ध्येयं आखायची वही, आता स्टेशनरी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या काढतात. कव्हर, रंग, रिबन वेगवेगळी असली तरी आतला साचा बहुतेक सारखाच असतो. सुरुवातीला स्वप्नं आणि आत्मपरीक्षणाची पंधरा-वीस पानं, मग तिमाही ध्येयांची दोन-चार, त्यानंतर दर आठवड्याला एक जोडपान आणि दर दिवसाला एक पान, शेवटी सवयींचा तक्ता. इथे या साच्याचाच रिव्ह्यू आहे, कुठल्या एका ब्रँडचा नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. मिळालेले गुण जवळजवळ सगळे साप्ताहिक पानाचे आहेत.

तेरा आठवडे ही निवड मात्र अगदी बरोबर आहे. वर्षभराचं ध्येय चुकीचं धरलं असेल तर ते कळेपर्यंत सात-आठ महिने गेलेले असतात, आणि एका महिन्यात कुठलंही मोठं काम धड आकार घेत नाही. तिमाहीत चूक दिसते आणि ती सुधारायला वेळही उरतो.

सुरुवातीच्या पानांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. अनेक प्लॅनर एका दाव्याने सुरू होतात: येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमधल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती, त्यांनी पुढे बाकी सगळ्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त कमावलं. असा अभ्यास कधी झालेलाच नाही. ध्येय ठरवण्यावर पक्कं संशोधन उपलब्ध असताना ही दंतकथा छापली जाते याचं वाईट वाटतं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं केलेल्या कामातून दिसलंय की ‘जमेल तेवढं चांगलं कर’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं तर काम जास्त चांगलं होतं. अट एवढीच, की माणसाने ते ध्येय मनापासून स्वीकारलेलं हवं आणि आपण कुठवर आलोय हे त्याला कळत राहायला हवं. यातली दुसरी अट प्लॅनर उत्तम पुरवतो. पहिली कुठलंच पान पुरवू शकत नाही.

याच भागात आयुष्याचं आठ भागांचं चक्र असतं: आरोग्य, पैसा, नाती, करिअर वगैरे. चक्र भरायला हरकत नाही, पण त्यानंतर आठही भागांसाठी एकेक ध्येय मागणारं पान येतं आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. एका तिमाहीत एक ऑफिसचं आणि एक स्वतःचं, अशी दोनच ध्येयं घ्यावीत. उरलेल्या रकान्यांवर सरळ रेघ मारा.

दोनच का, हे तासांच्या हिशोबात कळतं. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६, नोकरी आणि जाण्यायेण्याचे ५५ आणि घरकाम, आंघोळ, जेवणखाण यांचे साधारण २८ धरले तर २९ उरतात. त्यातले निम्मे तरी माणसांसाठी, आजारपणासाठी आणि नुसतं बसण्यासाठी लागतातच. म्हणजे दोन ध्येयांत मिळून १० ते १२ तास, एकाला पाच. तेरा आठवड्यांतले दोन कुठल्या ना कुठल्या कारणाने वाया जाणार, म्हणून अकराच धरा. अकरा गुणिले पाच, ५५ तास. बहुतेक प्लॅनरमध्ये हा हिशोब मांडायला जागाच नसते, आणि माझ्या मते या साच्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. ध्येयाच्या पानाच्या वरच्या समासात तो स्वतः लिहून ठेवावा.

आता ध्येयाचं पान. त्यावर ‘स्मार्ट’ (SMART) ची पाच अक्षरं छापलेली असतात, ध्येय कसं असावं याचा एकेक निकष सांगणारी. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ही यादी मांडली तेव्हा तिच्यात ‘हे काम कोण करणार’ हा एक निकष होता. आजच्या पानांवर त्या जागी ‘साध्य होण्याजोगं’ असं असतं. स्वतःच्या ध्येयाला याने फरक पडत नाही, पण ऑफिसच्या ध्येयात निम्मं काम इतरांवर अवलंबून असतं. तेव्हा पानाच्या तळाशी दोन ओळी वाढवा: कुणाकडून काय हवंय, आणि कुठल्या आठवड्यापर्यंत.

समजा, डेटा टीममध्ये बदली हवी आहे. ‘डेटा टीममध्ये जाणं’ हे ध्येय म्हणून लिहिलं तर तेरा आठवडे टिक करण्यासारखं काही सापडणार नाही, कारण निर्णय दुसऱ्याच्या हातात आहे. ते वर एका ओळीत, दिशा म्हणून लिहा. ध्येयाच्या रकान्यात आपल्या हातातलं काम यायला हवं: एसक्यूएलचे (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) ६० सराव प्रश्न आणि आपल्याच विभागाच्या आकड्यांवर दोन रिपोर्ट. एका प्रश्नाला ४० मिनिटं धरली तर ४० तास, रिपोर्टला प्रत्येकी १० धरून आणखी २०. एकूण ६०. हाताशी आहेत ५५. मग प्रश्न ५० करा, हिशोब ५३ तास २० मिनिटांवर येतो आणि मावतो. ही काटछाट पहिल्याच दिवशी कागदावर व्हायला हवी, नाहीतर ती नवव्या आठवड्यात आपोआप होते आणि तेव्हा तिला अपयश म्हटलं जातं.

शिवाय वेळेचा अंदाज सगळ्यांचाच कमी येतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज निघाला ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणून पहिल्या आठवड्यात चार-पाच प्रश्न घड्याळ लावून सोडवा. ४० ऐवजी ६० मिनिटं लागत असतील तर दुसऱ्या आठवड्यातच आकडा बदला. आणि नुसती संख्या मोजू नका. ५० प्रश्न उत्तरं बघूनही ‘सुटतात’. शेजारी दुसरा आकडा ठेवा: आठवड्यानंतर उत्तर न बघता पुन्हा किती सुटले.

काही प्लॅनरमध्ये ध्येयाखाली ‘अडथळा आला तर’ अशी छोटी चौकट असते. ती दिसली तर प्लॅनरला अर्धा गुण जास्त द्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करेन’ अशा वाक्यांवर बरंच काम केलंय, आणि २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्यावर त्यांचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. या चौकटीत ‘आळस करणार नाही’ लिहून काही होत नाही. ‘रात्री जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि कालचा अर्धवट प्रश्न आधी घ्यायचा’ असं लिहावं. ‘मीटिंग लांबली आणि घरी यायला नऊ वाजले, तर नवा प्रश्न नाही, फक्त जुना एक पुन्हा’ हेही त्यातच.

साप्ताहिक जोडपान हा या प्लॅनरचा प्राण आहे. डावीकडे आठवड्याची आखणी, उजवीकडे आढावा. २०१६ च्या एका मोठ्या विश्लेषणात १३८ अभ्यास तपासले होते. प्रगतीवर लक्ष ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, आणि ती नोंद प्रत्यक्ष लिहिली किंवा इतरांना सांगितली तर आणखी वाढते, असं त्यात दिसलं. आढाव्याला अर्धा तास पुरतो. आधी आकडे लिहा: ठरवले किती, झाले किती. मग जे राहिलं त्यापुढे एका शब्दात कारण: वेळ, अवघड, दुसऱ्यावर अडलं, विसरलो. ही चार कारणं पुरेशी आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. वेळ कमी पडला तर काम कापा. अवघड गेलं तर तुकडे करा किंवा कुणाला तरी विचारा. दुसऱ्यावर अडलं असेल तर तिथेच मेल पाठवा. विसरलात तर वरची ‘जर-तर’ ओळ बदला. शेवटी पुढच्या आठवड्याची तीनच कामं लिहायची.

सलग दोन आठवडे ६० टक्क्यांच्या खाली गेले तर आकडा कमी करा, पण तेराव्या आठवड्याची मुदत हलवू नका. मुदत एकदा हलली की ती हलतच राहते. जुना आकडा खोडून त्यावर तारीख घाला, व्हाइटनर लावू नका. अप्रेझलच्या वेळी ‘मध्येच प्राधान्य बदललं होतं’ हे दाखवायला याच खाडाखोडी उपयोगी पडतात. दुर्दैवाने पुष्कळ प्लॅनरमध्ये आढाव्याला जेमतेम चार ओळी असतात आणि अर्धं पान एखाद्या सुविचाराने अडवलेलं असतं. घेण्याआधी हे पान उघडून बघाच.

रोजच्या पानावर सकाळी सहा ते रात्री नऊपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असतात. मीटिंगा फोनच्या कॅलेंडरमध्ये असतील तर इथे पुन्हा उतरवू नका. दोन ठिकाणी लिहिलेल्या वेळांपैकी एक लवकरच चुकते, आणि मग दोन्हींवरचा विश्वास उडतो. वरच्या तीन ओळी तेवढ्या भरा.

सवयींच्या तक्त्याखाली ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं बऱ्याचदा छापलेलं असतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष काही बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा रिकामी चौकट दिसली म्हणून तक्ता सोडून देऊ नका. ‘सलग दिवस’ मोजण्याऐवजी ‘आठवड्यात किती वेळा’ मोजा.

तारखा नसण्याचा फायदा म्हणजे प्लॅनर कधीही सुरू करता येतो. तोटा असा, की मधले तीन आठवडे न उघडताही एकही पान रिकामं दिसत नाही. उपाय सोपा आहे: पहिल्याच दिवशी तेराही साप्ताहिक पानांवर तारखा घालून टाका.

कागद ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम) असेल तर बॉलपेन चालतं, जेल किंवा शाईपेनाचं लिखाण मागून दिसतं. १०० जीएसएम घ्यावा. पण वजनही बघा. रोज एक पान असलेल्या ए-५ प्लॅनरची साधारण १४० पानं, म्हणजे ७० कागद, १०० जीएसएममध्ये सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. रोज दोन पानं असतील तर कव्हर सोडूनच साडेतीनशे. असा प्लॅनर बॅगेतून लवकरच टेबलावर जातो आणि तिथेच राहतो. बाइंडिंग शिवलेलं असावं. नुसतं चिकटवलेलं पुस्तक मधल्या पानावर सपाट राहत नाही.

ज्यांचं सगळं काम टीमच्या ऑनलाइन बोर्डवर चालतं, त्यांनी ऑफिसचं ध्येय तिथेच ठेवावं आणि प्लॅनरमध्ये फक्त आढावा लिहावा. अगदी नवं क्षेत्र शिकायला घेतलं असेल तर पहिल्या तिमाहीत निकालाचा आकडा ठरवू नका. गुंतागुंतीच्या नव्या कामात ‘काय काय शिकायचं’ असं ध्येय जास्त उपयोगी ठरतं, हेही लॉक आणि लेथम यांच्याच परंपरेतल्या संशोधनात आढळलंय.

प्लॅनर घ्यायचा नसेल तर साधी रेघांची वही चालेल. पहिल्या पानावर तासांचा हिशोब, पुढच्या दोन पानांवर दोन ध्येयं आणि त्यांच्या ‘जर-तर’ ओळी, मग तेरा जोडपानं. एकूण २९ पानं. सातव्या जोडपानाच्या कोपऱ्यावर खूण करून ठेवा, तिथे दोन्ही ध्येयं पुन्हा वाचून हे अजून हवंय का असं विचारायचं. तेराव्यावर नवं काम लिहायचं नाही. तो आठवडा राहिलेलं उरकण्यासाठी आणि पुढच्या तिमाहीचा आकडा ठरवण्यासाठी मोकळा ठेवायचा.